महिन्याचं वाणसामान आणि मोबाईल : धावपळीतल्या आई-बाबांनी घरखर्च कसा कमी करावा? संपूर्ण माहिती

घरात लहान मूल आणि आई-बाबा दोघंही नोकरीला, अशा घरांत महिन्याचं सामान निवांत बसून भरणं जवळजवळ बंद झालं आहे. डबा रिकामा दिसला की फोन काढायचा, दोन बटणं दाबायची, दहा-पंधरा मिनिटांत पिशवी दारात. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण महिनाअखेरीस हिशोब केला की पैसे नक्की कुठे गेले ते सांगता येत नाही, कारण मोठी खरेदी कुठलीच दिसत नाही. दिसतात त्या फक्त दीडशे-दोनशे रुपयांच्या वीस-पंचवीस ऑर्डर.

आजच्या लेखात आपण किराणा आणि घरातल्या रोजच्या वस्तूंवरचा खर्च कमी करायच्या पद्धती बघणार आहोत. कुपनांची यादी इथे मिळणार नाही, कारण कुपनं आठवड्यात बदलतात. पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे, ॲपचं बिल कसं बनतं, भाव कधी उतरतात आणि फोनमधल्या फुकट साधनांनी हे सगळं आठवड्याच्या अर्ध्या तासात कसं बसवायचं, ते समजून घेऊ.

समजा तुमच्या घरचा किराणा, साबण-सोडा, डायपर असं सगळं धरून महिना १२,००० रुपये होतो. त्यातले फक्त १० टक्के वाचले तर वर्षाला १४,४०० रुपये. जून महिन्यातल्या वह्या, गणवेश, बूट, स्कूल व्हॅनचं आगाऊ भाडं आठवा, म्हणजे या रकमेची किंमत कळेल.

## पहिली पायरी : आत्ता किती खर्च होतो ते शोधा

यासाठी वेगळं ॲप लागत नाही. दोन ठिकाणी बघा.

१. यूपीआय ॲपमधला व्यवहारांचा इतिहास. तिथे शोधायची सोय असते. तुमच्या वाण्याचं किंवा दुकानाचं नाव टाका आणि गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार बघा.

२. डिलिव्हरी ॲपमधल्या जुन्या ऑर्डर. ब्लिंकिट, झेप्टो, स्विगी इन्स्टामार्ट यांपैकी जे वापरता त्यात प्रत्येक ऑर्डरचं पूर्ण बिल उघडता येतं. एकूण रकमेबरोबर डिलिव्हरी, हँडलिंग वगैरे रकमा वेगळ्या लिहून काढा.

तीन महिन्यांची सरासरी काढा. एकाच महिन्यावर जाऊ नका. दिवाळीचा किंवा पाहुण्यांचा महिना असेल तर आकडा फसवतो. ही सरासरी तुमचा 'आधीचा आकडा'. पुढे काही वाचलं की नाही, ते याच्याशीच ताडून बघायचं.

## युनिट सेल प्राइस म्हणजे काय?

पाकिटबंद वस्तूवर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात आणखी एक किंमत छापलेली असते, ती म्हणजे युनिट सेल प्राइस. सोप्या भाषेत, एका ग्रॅमला, किलोला, मिलिलिटरला, लिटरला किंवा एका नगाला किती पैसे पडतात तो आकडा. लीगल मेट्रॉलॉजीच्या पाकिटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, आणि त्यातून ही किंमत छापायची अट आली.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट बदलली. आधी बिस्किटं, चहा, साबण पावडर अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. ती सक्ती गेली. म्हणून आता ५०० ग्रॅमच्या जागी ४५० ग्रॅम, १ किलोच्या जागी ९०० ग्रॅम अशी पाकिटं सर्रास दिसतात. पाकीट तेवढंच मोठं, किंमत तीच, आतला माल कमी. नुसती एमआरपी बघणाऱ्याला हे कळत नाही, युनिट किंमत बघणाऱ्याला लगेच कळतं.

वाचताना एक खाच लक्षात ठेवा. निव्वळ वजन एक किलोपेक्षा कमी असेल तर किंमत दर ग्रॅमला छापतात आणि जास्त असेल तर दर किलोला. त्यामुळे एका पाकिटावर ०.१४ रुपये आणि शेजारच्या पाकिटावर १३० रुपये असं दिसतं. पहिल्या आकड्याला १,००० ने गुणा : १४० रुपये किलो. आता तुलना झाली.

कपड्यांच्या पावडरचं एक उदाहरण घेऊ (भाव फक्त समजण्यासाठी घेतले आहेत) :

- ६० ग्रॅमची पुडी १० रुपयांना : किलोला सुमारे १६७ रुपये
- ५०० ग्रॅम ७२ रुपयांना : किलोला १४४ रुपये
- १ किलो १४० रुपयांना : किलोला १४० रुपये
- ४ किलो ५२० रुपयांना : किलोला १३० रुपये

इथे मोठं पाकीट स्वस्त आहे. पण हा नियम सगळीकडे चालत नाही. शाम्पूच्या बाबतीत अनेकदा उलटं असतं. एक रुपयाच्या पुडीत ५ मिलिलिटर शाम्पू असेल तर मिलिलिटरला २० पैसे पडतात. ३४० मिलिलिटरची बाटली २७० रुपयांना असेल तर मिलिलिटरला सुमारे ७९ पैसे. प्लास्टिकचा कचरा वाढतो हा पुडीचा तोटा खराच, पण 'मोठं ते स्वस्त' असं गृहीत धरू नका. भागाकार करा.

'दोनावर एक मोफत' अशा योजनेतही तेच करायचं. एकूण रक्कम भागिले एकूण वजन. तीन नग मिळून जो भाव पडतो तो तुमच्या नेहमीच्या भावाहून कमी असेल तरच ती योजना.

## तेल घेताना लिटर आणि किलोचा घोळ

स्वयंपाकाचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात १५ लिटरचा डबा मिळतो आणि १५ किलोचाही. दिसायला जवळजवळ सारखेच. पण १५ लिटर म्हणजे सुमारे १३.६५ किलो. म्हणजे दोन डब्यांत जवळपास १ किलो ३५० ग्रॅम तेलाचा फरक. '१५ चा डबा किती?' असं विचारून भाव ठरवला तर फसगत होऊ शकते.

पाउचचंही तसंच. ९१० ग्रॅमच्या पाउचशेजारी त्याच आकाराचा ८५० किंवा ८०० ग्रॅमचा पाउच ठेवलेला असतो. तेलाची तुलना कायम वजनावर करा, म्हणजे लिटरचा प्रश्नच राहत नाही.

## भावांची वही : गूगल शीट्समध्ये पाच कॉलम

आधीच्या पिढीला डाळ, साखर, चहा यांचे भाव तोंडपाठ असत, कारण दुकान एकच आणि खरेदी महिन्यातून एकदा. आपण चार ठिकाणांहून तुकड्या-तुकड्यांनी घेतो, त्यामुळे 'हा भाव चांगला की वाईट' हे डोक्यात राहत नाही. हे काम शीटला द्या.

गूगल शीट्समध्ये नवी शीट उघडा आणि पाच कॉलम करा : वस्तू, दुकान, किंमत, वजन ग्रॅममध्ये, किलोचा भाव. शेवटच्या कॉलममध्ये सूत्र टाका : किमतीचा सेल भागिले वजनाचा सेल, गुणिले १,०००. एकदा टाकलं की खाली ओढत न्यायचं. तारखेसाठी सहावा कॉलम ठेवला तर उत्तम.

सगळ्या वस्तू भरायला बसू नका, चार दिवसांत कंटाळा येईल. घरात सगळ्यात जास्त पैसे खाणाऱ्या १५ ते २० वस्तूच घ्या : तेल, तूरडाळ, तांदूळ, गहू किंवा पीठ, साखर, चहा, दूध, तूप, शेंगदाणे, पोहे, साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, डायपर, टूथपेस्ट. खर्चाचा मोठा भाग इथेच असतो. जिरं-मोहरीचा भाव दहा टक्के वर-खाली झाला तरी महिन्याच्या बिलात ते जाणवत नाही.

दोन महिन्यांत प्रत्येक वस्तूचा एक 'चांगला भाव' समोर येतो. मग ॲपवर '४० टक्के सूट' असं लाल पट्टीत दिसलं तरी बिचकायला होत नाही. सूट एमआरपीवर मोजलेली असते आणि त्या एमआरपीला ती वस्तू कुणीच विकत नसेल तर त्या टक्क्यांना अर्थ नाही. तुमच्या शीटमधला भाव हाच खरा मापदंड.

## दोघांची एकच यादी

एकाच दिवशी आई ऑफिसातून येताना ब्रेड आणते आणि बाबाही ब्रेड आणतात, हे प्रत्येक घरात होतं. ब्रेडचं ठीक आहे, पण दही, भाजी, पनीर डबल आलं तर टाकून द्यावं लागतं.

उपाय सोपा आहे. गूगल कीपमध्ये 'किराणा' नावाची टिकमार्कची यादी करा आणि शेअर करून जोडीदाराला त्यात घ्या. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांनाही. घरात दुपारी काय संपलं हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. टायपिंगचा त्रास असेल तर कीबोर्डवरच्या माइकवर मराठीत बोललं तरी चालतं : 'तूरडाळ दोन किलो'. दुकानात एकाने टिक केलं की दुसऱ्याच्या फोनवर ते लगेच दिसतं.

यादीला एक नियम जोडा : डबा रिकामा झाल्यावर नाही, पाव भाग उरल्यावर लिहायचं. गोदाम सांभाळणारं सॉफ्टवेअरही असंच चालतं. माल शून्यावर जायची वाट न बघता ठरलेल्या पातळीला आला की मागणी जाते. घरात याचा फायदा असा की रात्री नऊला 'साखर संपली' म्हणून घाईची ऑर्डर करावी लागत नाही. आणि घाईच्या ऑर्डरीत काय होतं, ते आता बघू.

## झटपट डिलिव्हरीचं बिल कसं बनतं?

समजा तुम्हाला १८० रुपयांचं सामान हवं आहे. बिलात पुढे काय जोडलं जाऊ शकतं ते बघा :

- डिलिव्हरी शुल्क : २५ रुपये
- हँडलिंग शुल्क : १० रुपये
- छोट्या ऑर्डरीचं शुल्क : २० रुपये

एकूण ५५ रुपये, म्हणजे सामानाच्या किमतीच्या ३० टक्क्यांहून जास्त. पाऊस किंवा गर्दीच्या वेळी आणखी एक ओळ येते. हे आकडे शहर, ॲप आणि वेळेनुसार बदलतात, काही वेळा शून्यही असतात. पण हिशोबाची रीत तीच : सगळी शुल्कं भागिले सामानाची किंमत. हा आकडा १० टक्क्यांच्या वर गेला तर ऑर्डर यादीत टाकून उद्यावर ढकला.

'आणखी ६० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत' ही ओळ तर सगळ्यांनाच माहीत आहे. २५ रुपये वाचवायला ६० रुपयांचं चॉकलेट घेतलं तर खिशातून ३५ रुपये जास्तच गेले. यादीतली वस्तू पुढे ओढून घेतली तर मात्र फायदा होतो. म्हणून ऑर्डर देताना कीपची यादी शेजारी उघडी ठेवा.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशा ॲपच्या स्क्रीनवरची फार थोडी गोष्ट सहज म्हणून ठेवलेली असते. बटणाचा रंग, वस्तूंचा क्रम, नोटिफिकेशनची वेळ यांचे दोन-दोन प्रकार लाखो लोकांना दाखवून बघतात, आणि ज्यात जास्त खरेदी होते तो प्रकार ठेवतात. याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. दिवसभर थकलेला माणूस रात्री कमी विचार करून बटण दाबतो, हे त्या आकड्यांतून आपोआप बाहेर येतं. तेव्हा मोह झाला तर स्वतःला दोष देण्यापेक्षा ॲपची नोटिफिकेशन बंद करणं जास्त उपयोगी. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त ऑर्डरची माहिती चालू ठेवा, ऑफरची बंद करा. जमलं तर पैसे भरायचे तपशीलही ॲपमध्ये साठवू नका. दर वेळी भरावे लागले की तेवढ्या वेळात विचार होतो.

## डार्क पॅटर्न आणि तुमचा हक्क

ग्राहकाला फसवून किंवा गोंधळवून पैसे काढणाऱ्या अशा रचनांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात १३ प्रकार सांगितले. किराण्याच्या खरेदीत भेटणारे मुख्य असे :

- टोपलीत गुपचूप भर : देणगी, टिप किंवा सदस्यत्व आधीच टिक केलेलं असतं. पैसे भरण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ बघा.
- थेंब-थेंब किंमत : सुरुवातीला कमी भाव, शेवटच्या पानावर शुल्कांची रांग.
- खोटी घाई : 'फक्त २ उरले', उलटं चालणारं घड्याळ.
- सदस्यत्वाचा सापळा : घेणं एका बटणात, बंद करणं पाच पानं खोल.
- लपलेली जाहिरात : शोधल्यावर वर येणारी वस्तू सगळ्यात स्वस्त किंवा चांगली म्हणून नव्हे, जाहिरातीचे पैसे दिले म्हणून वर असते.

असं काही आढळलं तर स्क्रीनशॉट घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तरीही इथेच तक्रार करता येते. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे वस्तूवर 'जीएसटी वेगळा' असं कुणी म्हणू शकत नाही.

खाण्याची वस्तू घरी आली की तारीख तपासायची सवय लावा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की पदार्थ हातात पडताना त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत. दोन दिवसांत संपणारं पीठ आलं तर फोटो काढून परत करा.

## जीएसटी बदलला, जुने भाव विसरा

२२ सप्टेंबर २०२५ पासून घरातल्या बऱ्याच वस्तूंचा जीएसटी बदलला. थोडक्यात असं :

- आंघोळीच्या साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल : १८ वरून ५ टक्के
- तूप, लोणी, चीज : १२ वरून ५ टक्के
- बाळाचे डायपर, दुधाच्या बाटल्या : १२ वरून ५ टक्के
- वह्या, पेन्सिली, खोडरबर : शून्य
- पाकिटबंद पनीर : ५ वरून शून्य
- कपड्यांची डिटर्जंट पावडर : १८ टक्केच

१८ चे ५ झाले म्हणजे भाव १३ टक्क्यांनी उतरायला हवा असं वाटतं, पण हिशोब थोडा वेगळा आहे. मूळ १०० रुपयांच्या वस्तूचे आधी ११८ होत, आता १०५. ११८ मधले १३ रुपये कमी, म्हणजे साधारण ११ टक्के. शीटमध्ये या तारखेच्या आधीचे भाव असतील तर ते पुन्हा भरा.

धान्याचा एक जुना नियम अजून तसाच आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्ट्या मालावर आणि २५ किलोच्या वरच्या गोणीवर लागत नाही. बाजारात २६ किलोच्या गोण्या दिसतात त्या यामुळेच. एका घराला एवढी गोणी जास्त होते, पण सोसायटीतल्या दोन-तीन घरांनी वाटून घेतली तर कर आणि पाकिटाचा खर्च दोन्ही वाचतात.

## कोणती वस्तू कधी घ्यावी?

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची आपल्याकडची रीत उगाच पडलेली नाही. नवीन माल बाजारात येतो तेव्हा आवक जास्त असते आणि भाव बहुधा नरम असतात.

- गहू : मार्च-एप्रिलमध्ये काढणी, एप्रिल-मे हा घ्यायचा काळ.
- तूर : डिसेंबर-जानेवारीपासून काढणी, पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवी डाळ.
- तांदूळ : नवा तांदूळ दिवाळीनंतर. तो जुन्यापेक्षा स्वस्त असतो आणि शिजल्यावर चिकट होतो, म्हणून मोकळ्या भाताला नको. लहान मुलांच्या मऊ गुरगुट्या भाताला मात्र उत्तम.
- कांदा : मार्च ते मेमध्ये येणारा उन्हाळ कांदा टिकतो, पावसाळ्यातला टिकत नाही.
- मिरची, हळद, धने : पावसाळ्याआधी.

भावाचा कल बघायचा असेल तर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात. ते क्विंटलचे, म्हणजे १०० किलोचे. टोमॅटो २,००० रुपये क्विंटल असेल तर घाऊक भाव २० रुपये किलो. तुमच्या दारात तो २० ला मिळणार नाही. हमाली, वाहतूक, नासाडी आणि विक्रेत्याचा वाटा त्यात यायचा असतो. पण कल कळतो, आणि ॲपवर तोच टोमॅटो ८० रुपयांना दिसला तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे चौकशी करायची बुद्धी होते.

साठवण करताना जागेचा विचार करा. दोन खोल्यांच्या घरात वर्षाचे गहू ठेवणं जमत नाही, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर नाहीच. भावात १० टक्के वाचले आणि १० टक्के धान्याला पोरकिडे लागले तर हातात काहीच उरत नाही. दोन-तीन महिन्यांचा साठा, नीट वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, एवढं पुरे.

## साबण, पावडर, डायपर : छोट्या पण नियमित वस्तू

साबण : आंघोळीच्या साबणावर टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे त्यातल्या स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. पहिल्या श्रेणीसाठी ते किमान ७६ टक्के, दुसऱ्यासाठी ७० आणि तिसऱ्यासाठी ६० टक्के लागतं. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीला ही श्रेणी नसते. वडी स्वस्त दिसली तर टीएफएम बघा आणि वडीवर वापर सुरू केल्याची तारीख मार्करने पाकिटावर लिहून ठेवा. किती दिवस पुरली ते कळलं की दिवसाचा खर्च निघतो. आणि साबण पाण्यात राहू देऊ नका. भोकाची साबणदाणी हीच सगळ्यात स्वस्त बचत.

कपड्यांची पावडर : पाकिटावर दिलेलं माप वाचा आणि तेवढंच घाला. जास्त पावडरने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फेस मात्र उरतो आणि खळबळायला जास्त पाणी लागतं.

डायपर : तुलना नगावर करा. मोठा पॅक स्वस्त पडतो, पण बाळ झपाट्याने वाढतं, म्हणून एका मापाचा महिन्याभरापेक्षा जास्त साठा नको. दिवसा घरी लंगोट आणि रात्री किंवा बाहेर जाताना डायपर, असं केलं तर खर्च बराच उतरतो.

## एकत्र खरेदी आणि रेशन

एकत्र खरेदीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवते आणि वाटते. तुमच्या भागात असा संघ असेल तर चौकशी करा. नसेल तर सोसायटीतल्या चार-पाच घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप करून तांदूळ, तेल, गूळ अशा तीन वस्तूंपासून सुरुवात करता येते. पैसे आधी जमा करायचे, बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि मोजमाप सगळ्यांसमोर. नाहीतर शेजार बिघडतो.

प्राधान्य गटातलं रेशनकार्ड असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतं. गाव लातूर आणि नोकरी पुण्यात, अशा कुटुंबांनाही 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेमुळे पुण्यातल्या दुकानातून धान्य घेता येतं. 'मेरा राशन' या सरकारी ॲपवर आपल्या कार्डाची माहिती बघता येते. ई-केवायसी राहिली असेल तर ती आधी करून घ्या.

## इथे काटकसर करू नका

- बाळाची दुधाची पावडर : डब्यावर दिलेल्या मापापेक्षा पातळ करून डबा जास्त दिवस पुरवणं धोक्याचं आहे. बाळाला पोषण कमी पडतं. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना किंवा अंगणवाडीताईंना मोकळेपणाने सांगा. १९९२ च्या कायद्याने या पावडरीची जाहिरात आणि त्यावर सवलतीचं आमिष दोन्ही बंद आहे, तेव्हा व्हॉट्सॲपवर अशी 'ऑफर' आली तर ती संशयास्पद समजा.
- मुदत संपलेले पदार्थ : अर्ध्या किमतीत मिळाले तरी मुलांसाठी नको.
- अनोळखी लिंक : मोठ्या दुकानांच्या नावाने '१ रुपयात साखर' अशा बनावट साइट फिरतात. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.
- उधारीवर किराणा : 'नंतर पैसे द्या' या सोयीत हप्ता चुकला की दंड लागतो. डाळ-तांदळासाठी दंड भरणं परवडत नाही.

## आठवड्याचा अर्धा तास

१. १० मिनिटं : डबे आणि फ्रिज बघा. आधी काय संपवायचं आहे ते पुढे काढा.
२. १० मिनिटं : आठवड्याच्या भाज्या आणि डब्याचा ढोबळ बेत, त्यावरून यादी.
३. १० मिनिटं : यादीतल्या महाग वस्तूंचे भाव शीटशी ताडून बघा आणि एकच मोठी ऑर्डर द्या, किंवा दुकानात जा.

महिन्यातून एकदा शीटमध्ये भाव भरा. बस्स, एवढंच. हे अर्ध्या तासाच्या वर जायला लागलं तर वस्तूंची संख्या कमी करा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

झटपट डिलिव्हरी पूर्ण बंद करावी का?
नाही. रात्री अकराला मुलाला ताप आहे आणि घरात ओआरएस नाही, तेव्हा ५५ रुपये शुल्क काहीच नाही. रोजच्या विसरभोळेपणासाठी ती वापरली की महाग पडते.

लांबच्या स्वस्त दुकानात जावं का?
वाचणाऱ्या रकमेतून पेट्रोल वजा करा आणि किती तास गेले ते बघा. ८० रुपयांसाठी रविवारचे दोन तास घालवण्यापेक्षा ते मुलांबरोबर घालवा. महिन्यातून एकदा मोठी खरेदी असेल तर फेरी परवडते.

ॲपचं सदस्यत्व घ्यावं का?
गेल्या तीन महिन्यांत डिलिव्हरीचं शुल्क किती भरलं ते बघा. ते सदस्यत्वाच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर विचार करा. पण सदस्यत्व घेतल्यावर ऑर्डरींची संख्या वाढली का, हेही महिन्याने तपासा.

वाण्याकडून घेणं महाग पडतं का?
सगळ्याच वस्तूंत नाही. सुटी डाळ, पोहे, रवा यांत अनेकदा तोच स्वस्त असतो. शिवाय हवं तेवढंच मिळतं, एका फोनवर घरी येतं आणि शुल्काची ओळ नसते. दोन्हीकडचे भाव शीटमध्ये टाका, उत्तर तुमच्या गल्लीचं तुम्हालाच मिळेल.

मुलं ॲप बघून हट्ट करतात, काय करावं?
शीटमधला भागाकार सातवी-आठवीतल्या मुलांकडूनच करून घ्या. 'कुठलं पाकीट स्वस्त?' हा खेळ त्यांना आवडतो, आणि पट्टीवरच्या टक्क्यांवर त्यांचा विश्वास आपोआप कमी होतो.

सुरुवात आज एवढ्यानेच करा : स्वयंपाकघरातलं तेलाचं, डाळीचं आणि कपड्यांच्या पावडरीचं पाकीट काढा, त्यांचा किलोचा भाव शीटमध्ये भरा. पहिल्या तीन ओळी झाल्या की बाकीच्या आपसूक होतात. हा लेख उपयोगी वाटला तर घरातल्या किराणा भरणाऱ्या दुसऱ्या माणसालाही पाठवा. यादी दोघांची असली तरच टिकते.